पितळ, पोलाद आणि लिओ फेंडर

आजच्या इलेक्ट्रिक गिटारला ज्यांच्या हातून रूप मिळाले, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमजवळ १० ऑगस्ट १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणीच एक डोळा गेला. शिक्षण हिशेबाचे, सुरुवातीच्या नोकऱ्याही त्याच. मन मात्र रेडिओत. १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. वादक तेथे बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत आणि आपल्या तक्रारीही सांगत. फेंडर यांचे खरे शिक्षण या तक्रारींवरच झाले, असे म्हणता येईल.

१९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून विख्यात झाली. पोकळ गिटारीत लाकडाची पेटी घुमते. भरीव गिटारीत तारेखालचा चुंबकीय पिकअप केवळ पोलादी तारेचे कंपन टिपतो. मग घोडी कोणत्या धातूची, याला महत्त्व ते काय? महत्त्व असे की, तारेची शक्ती घोडीपाशी किती झिरपते यावर स्वर किती टिकेल आणि कोणते उपस्वर आधी विझतील हे ठरते. तंबोऱ्याची घोडी कानशीने किंचित घासली तरी जवारी पालटते, हे मिरजेच्या तंबोऱ्यांशी संबंध आलेल्यांना सांगायला नको.

टेलिकास्टरच्या घोडीवर तीन पितळी कांड्या होत्या, प्रत्येकीवर दोन तारा. दोन तारांना एकच आधार असल्याने वरच्या पडद्यांवर सूर तंतोतंत जुळत नसे. काही वर्षांत पितळ जाऊन पोलाद आले आणि अनेकांच्या कानांना स्वर अधिक लखलखीत वाटला. तरीही पितळेच्या गोलाव्यासाठी तो दोष पत्करणारे वादक आजही आहेत. पिकअपच्या तळाशीही पोलादी पत्रा असे. त्याने चुंबकीय क्षेत्रच बदलते. तो परिणाम कानाचा भास म्हणून झटकता येत नाही.

खरी कसोटी स्ट्रॅटोकास्टरच्या वेळी लागली. दांडी दाबून स्वर डोलवता येईल अशी घोडी तयार झाली. साचे बनले, पैसा खर्च झाला आणि आवाज निघाला तो पोकळ, क्षणात विरणारा. तारा छोट्या चाकांवरून जात होत्या. त्यांच्यामागे वजन असे नव्हतेच. फेंडर यांनी ते सारे मोडीत काढले. नव्या रचनेत घोडीखाली जड पोलादी ठोकळा आला, तारा त्यातून ओवल्या गेल्या आणि मागे स्प्रिंगांचा ताण दिला गेला. १९५४ मध्ये गिटार विक्रीस आली. स्वतः न वाजवणाऱ्या माणसाने कानावर भिस्त ठेवून एवढे नुकसान सोसावे, हे विलक्षणच.

प्रकृती खालावल्याने १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. १९७१ च्या सुमारास तोच ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचा, ओतीव झाला. पुढे जुन्या पद्धतीच्या पोलादी ठोकळ्यांना पुन्हा मागणी आली.

फेंडर मात्र स्वस्थ बसले नाहीत. म्युझिक मॅननंतर जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल काढली. तेथील एका घोडीत बाजूच्या स्क्रूने सहाही आधार एकमेकांवर आवळले जात, म्हणजे तारेची शक्ती हलत्या भागांत वाया जाऊ नये. पार्किन्सन जडल्यावरही ते कारखान्यात येत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.