डार्विनचा रविवार

डार्विन म्हटला की पांढऱ्या दाढीचा, देवाधर्माशी भांडण काढलेला म्हातारा डोळ्यांपुढे येतो. मला मात्र बाविशीतला चार्ल्स अधिक ओळखीचा वाटतो. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट टाकून हा मुलगा केंब्रिजला गेला, तो चक्क पाद्री होण्यासाठी! २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाज निघाले, तेव्हा नीतीचा प्रश्न आला की तो बायबलचा दाखला देऊन वाद मिटवी. जहाजावरचे अधिकारी स्वतः श्रद्धाळू. तेही त्याला हसत.

पाच वर्षांनी तो परतला तो खडक, जीवाश्म आणि शंका घेऊन. १८३८ मध्ये मामेबहीण एम्माशी लग्न ठरले. शंका बायकोपासून लपवाव्यात, हा वडिलांचा व्यवहारी सल्ला. (आपल्याकडच्या एखाद्या वडीलधाऱ्यानेही हेच सांगितले असते.) चार्ल्सने सगळे सांगून टाकले. एम्मा हादरली. मरणानंतर आपली ताटातूट होईल, ही भीती तिने पत्रात लिहिली. ते पत्र त्याने जन्मभर जपले. आपण त्याचे कितीदा चुंबन घेतले, त्यावर किती अश्रू ढाळले, हे त्याने त्याच कागदावर लिहून ठेवले.

१८५१ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली. एम्माचे दिवस भरत आलेले, त्यामुळे उशाशी एकटा बाप होता. या घावाने त्याची श्रद्धा संपली, असे काही चरित्रकार मानतात. मला हे फार सोपे उत्तर वाटते. अश्रद्धा अगदी सावकाश आली, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे.

दर रविवारी एम्मा मुलांना घेऊन चर्चमध्ये जाई, तो एकटाच फिरायला जाई. पण गावच्या पाद्र्याशी त्याची मैत्री टिकली, गावातल्या मदतनिधीचे हिशेबही तो सांभाळी. १८८१ मध्ये दोन कट्टर नास्तिक भेटीला आले. जगप्रसिद्ध डार्विन आपलाच, अशी त्यांची अपेक्षा. त्याने स्वतःला नास्तिक म्हणवून घेतले नाही. हक्सलेने रूढ केलेला ‘अज्ञेयवादी’ हा शब्द त्याला पुरेसा होता. इतके आक्रमक कशाला व्हायचे, असे त्याने पाहुण्यांनाच विचारले. विशीत बायबल पुढे करणारा हाच तो!

१९ एप्रिल १८८२ रोजी तो वारला. कुटुंबासाठी लिहिलेले त्याचे आत्मचरित्र १८८७ मध्ये छापले गेले, तेव्हा धर्माविषयीची काही बोचरी वाक्ये एम्माच्या इच्छेने गाळली होती. नात नोरा बार्लो हिने ती १९५८ मध्ये पुन्हा जागच्या जागी बसवली.