सर अर्नेस्ट शॅकल्टन

अर्नेस्ट शॅकल्टन यांचा जन्म इ. स. १८७४ सालीं आयर्लंडांत झाला. सोळाव्या वर्षीं ते खलाशी झाले. मधला वृत्तांत सोडून आम्ही एकदम १९१४ सालाकडे वळतों.

महायुद्ध पेटलें त्याच ऑगस्टांत त्यांचें 'एंड्युअरन्स' जहाज दक्षिण ध्रुवखंडाकडे निघालें. पुढें तें वेडेल समुद्राच्या बर्फांत अडकलें व १९१५ च्या नोव्हेंबरांत चिरडून बुडालें. २८ माणसें बर्फावर उघडीं पडलीं. १९१६ च्या एप्रिलांत तीं होड्यांतून एलिफंट बेटास लागलीं. पण तेथें कोण येणार? तेव्हां पांच सोबती घेऊन शॅकल्टन एका लहान होडींतून निघाले आणि सुमारें ८०० मैल खवळलेला समुद्र ओलांडून साउथ जॉर्जियास पोहोंचले. वस्ती मात्र बेटाच्या पलीकडे होती. तिघांनीं ३६ तासांत बर्फाचे डोंगर ओलांडले. वाटेंत आपल्याबरोबर चौथा कोणी चालत आहे असा भास झाल्याचें शॅकल्टन यांनीं लिहून ठेविलें आहे. त्याविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं.

तीन प्रयत्न फसल्यावर ३० ऑगस्ट १९१६ रोजीं चिली देशाच्या 'येल्चो' बोटीनें त्यांनीं बेटावरील बावीसही जणांस जिवंत सोडविलें.

मॅकनिश सुतारानें ती होडी प्रवासाजोगी केली होती. परंतु पूर्वींच्या आज्ञाभंगामुळें शॅकल्टन यांनीं त्यास ध्रुवपदक मिळूं दिलें नाहीं. हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

होडींतील मॅकार्थी खलाशी १९१७ च्या मार्चांत युद्धामध्यें समुद्रावरच मारला गेला. शॅकल्टन १९२२ च्या जानेवारींत साउथ जॉर्जियास जहाजावर वारले. पत्नीच्या इच्छेवरून त्यांस तेथेंच पुरलें.