चेहऱ्याचा शोध घेणारा विल्हेल्म हिस

माझ्या धाकट्या भावाचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. शस्त्रक्रिया झाली, आता बारीक व्रण तेवढा दिसतो. आईवरचा ठपका मात्र गेला नाही. ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पोराचा ओठ चिरला, असे आजी अजून म्हणते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, तीही कला शाखेची. तेव्हा शास्त्रातले मी काय सांगणार? पण या एका प्रश्नापायी ग्रंथालयात बसता बसता ज्या माणसाची ओळख झाली, त्याच्याविषयी लिहावेसे वाटले.

विल्हेल्म हिस यांचा जन्म ९ जुलै १८३१ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. बर्लिनला योहानेस म्यूलर, व्यूर्झबुर्गला फिर्खो यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १८५७ मध्ये ते बाझेललाच प्राध्यापक झाले आणि १८७२ पासून अखेरपर्यंत जर्मनीतील लाइपझिग येथे राहिले.

त्या काळी गर्भाची वाढ अभ्यासायची ती मुख्यतः कोंबडीच्या अंड्यावरून. मनुष्याच्या गर्भाचे पहिले दोन महिने जवळजवळ अंधारातच होते. हिस यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून गर्भपातातील गर्भ मिळविले. (कुणा आयांचे ते दुःख असेल, हा विचार वाचताना मनातून जात नाही.) चार आठवड्यांचा गर्भ जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा! त्याचे पातळ काप घेण्यासाठी त्यांनी स्वतः एक यंत्र तयार केले. प्रत्येक कापाचे मोठे चित्र काढायचे आणि त्या चित्रांवरून मूळ आकार पुन्हा उभा करायचा, अशी त्यांची पद्धत. फ्रायबुर्गचे त्सीग्लर त्यावरून मेणाचे नमुने बनवीत. मानवी गर्भाच्या रचनेवरील त्यांचा तीन भागांचा ग्रंथ १८८० ते १८८५ या काळात प्रसिद्ध झाला.

त्यात मला माझे उत्तर सापडले. चेहरा आरंभी अखंड नसतोच. कपाळाकडून एक उंचवटा खाली येतो, दोन्ही बाजूंनी वरच्या जबड्याचे दोन व खालच्या जबड्याचे दोन पुढे सरकतात आणि नाकाच्या खाचांभोवती आणखी उंचवटे उठतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास वरचा ओठ जुळतो. टाळूचे दोन पडदे तर आधी जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. मग ते वर उचलले जाऊन आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत एकमेकांना मिळतात. म्हणजे दुभंगलेला ओठ कुणी चिरलेला नसतो, तो जुळायचा राहिलेला असतो. पुढच्या संशोधकांनी हिस यांच्या मांडणीत दुरुस्ती केली. सगळेच भाग सुटे नसतात, काही ठिकाणी मधली खाच आतून भरून येते. न जुळण्याची कारणेही अनेक आहेत, काही आनुवंशिक, काही गर्भारपणातली.

हिस स्वभावाने काटेकोर. हेकेल हे तेव्हाचे फार गाजलेले शास्त्रज्ञ, पण त्यांनी सिद्धान्ताला सोयीची व्हावीत अशी गर्भांची चित्रे काढली, असा उघड आरोप हिस यांनी १८७४ मध्ये केला. तो वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मला फार आवडला. संगीतकार बाख १७५० मध्ये लाइपझिगला वारले. १८९४ मध्ये तेथील सेंट जॉन चर्चच्या आवारात खोदकामात ओकच्या लाकडाच्या पेटीत एक सांगाडा मिळाला. तो बाखचा की काय, हे ठरविण्याचे काम हिस यांच्याकडे आले. त्यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यावरील मांसाची जाडी ठिकठिकाणी मोजली आणि त्या मापांप्रमाणे सेफ्नर या शिल्पकाराने कवटीच्या साच्यावर चेहरा घडविला. तो बाखच्या चित्रांशी जुळला. पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, तरी गर्भात चेहरा कसा घडतो हे पाहणाऱ्या माणसाने म्हातारपणी मेलेल्याचा चेहरा परत उभा करावा, याचे नवल वाटते.

१ मे १९०४ रोजी हिस लाइपझिगला वारले. त्यांचे शिष्य मॉल यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला मानवी गर्भांचा मोठा संग्रह उभा केला.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला विचारले, ते ग्रहण कितव्या महिन्यात आले होते? आईने क्षणभरही विचार केला नाही. सातव्यात, म्हणाली, डोहाळजेवण त्याच आठवड्यात झाले होते. ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळायचा असतो, हे मी दोघींना बोटांवर मोजून दाखविले. डोहाळजेवणाला कोण कोण आले होते ते आजीने सगळे सांगितले. ग्रहणाचे काही बोलली नाही.