युसूफ मेहेरअलींचा सब्र

नवीन पनवेलहून पळस्पे फाट्यावर गोव्याच्या रस्त्याला लागले आणि कर्नाळ्याचा सुळका मागे टाकला, की काही वेळात तारा गाव येते. तिथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. डॉ. जी. जी. परीख आणि त्यांच्या समाजवादी सोबत्यांनी १९६१ मध्ये ही संस्था सुरू केली. दवाखाना, शाळा, तेलाची घाणी, साबण, मातीची भांडी असा तिचा पसारा आहे. पेण, रोह्याकडे जाणारे पनवेलकर ही पाटी वर्षानुवर्षे वाचतात. घाणीचे तेल घ्यायला थांबणारेही आहेत. पण ज्यांचे नाव पाटीवर आहे ते मेहेरअली कोण, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल.

रमजान हा सब्रचा महिना. सब्र हा शब्द मात्र आपण फार स्वस्त करून टाकला आहे. कुणाचा धंदा बुडाला, कुणाच्या घरी मयत झाली की आपण त्याला सब्र करायला सांगतो, आणि मनात अर्थ असतो मुकाट्याने सोसण्याचा. धरलेल्या चांगल्या वाटेवर पाय रोवून उभे राहणे हाही सब्रच आहे, हे विसरायला होते. या दुसऱ्या अर्थाने मेहेरअलींच्या आयुष्याकडे पाहण्यासारखे आहे.

२३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका सधन खोजा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराण्यात व्यापार होता, पैसा होता. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले, मग कायद्याकडे वळले. वाचनाचा नाद जबरदस्त, बोलणे गोड, मित्र जोडण्याची हातोटी. असा मुलगा वकिलीत नाव काढणार, याबद्दल कुणाला शंका नसावी.

पण कायद्याचे शिक्षण चालू असतानाच सायमन कमिशन आले. भारताच्या भवितव्याचा विचार करायला नेमलेल्या या कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी ते मुंबई बंदरात उतरणार होते. मेहेरअली आणि त्यांच्या युवक संघटनेच्या मुलांनी होड्यांतून समुद्रातच त्याला गाठायचे ठरवले होते. बेत पोलिसांना कळला. मग मुलांनी हमालांचे कपडे चढवले, बंदरात शिरली आणि काळे झेंडे दाखवले. लाठ्या पडल्या, पण सायमन गो बॅक ही घोषणा त्या दिवसापासून देशभर गेली. ती मेहेरअलींनी दिली असे मानले जाते.

त्याची किंमत पुढच्या वर्षीच मोजावी लागली. १९२९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण राजकारणामुळे त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली. पंचविशीतल्या माणसासाठी हा केवढा धक्का! अभ्यास पुरा, पदवी हातात आणि धंद्याचे दार बंद. अशा वेळी घरच्या व्यापारात जाऊन बसणे सोपे होते. माफीची भाषा करून पुन्हा अर्ज करणेही जमले असते. मेहेरअलींनी यातले काहीच केले नाही. जे काम केल्याबद्दल सनद गेली, तेच काम त्यांनी पूर्ण वेळ धरले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग. १९३२ मध्ये पुन्हा तुरुंग, या वेळी दोन वर्षांची शिक्षा. सरकारने तरुण कार्यकर्त्यांना नाशिकच्या तुरुंगात एकत्र डांबले, आणि इथेच सरकारची चूक झाली. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी यांच्याबरोबर रात्रंदिवस चर्चा झडल्या. स्वातंत्र्य आले तरी शेतकरी आणि गिरणी कामगार उपाशीच राहणार असतील तर काय, हा त्या चर्चांचा गाभा होता. १९३४ मध्ये त्यातून काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी एक. गिरणी मालकांच्या वर्तुळात वाढलेला माणूस कामगारांचा माणूस झाला, तो तुरुंगातल्या या दिवसांत.

१९३८ मध्ये जागतिक युवक परिषदेसाठी ते अमेरिकेला गेले. चालू प्रश्नांवरची छोटी, स्वस्त पुस्तके तिकडे कशी घरोघर पोचतात, हे त्यांनी पाहिले आणि परत येऊन पद्मा पब्लिकेशन्स ही प्रकाशन संस्था काढली.

पुढचा काळ मुसलमान कार्यकर्त्यासाठी अवघड होता. १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरला वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला. काँग्रेसबरोबर राहिलेल्या मुसलमानाला आपल्यातले काही गद्दार म्हणत, आणि पलीकडचे काही त्याच्या निष्ठेचा पुरावा मागत. मेहेरअलींनी सफाई देत बसण्यापेक्षा काम वाढवले. १९४२ मध्ये ते तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले आणि ते निवडून आले. वय अडतीस. इतका तरुण महापौर मुंबईने तोवर पाहिला नव्हता.

त्याच वर्षी शेवटच्या लढ्यासाठी गांधीजींना एक घोषणा हवी होती. गेट आऊट फार उद्धट वाटले, आणखी एक-दोन सूचना रुचल्या नाहीत. मेहेरअलींनी क्विट इंडिया हे दोन शब्द पुढे केले आणि गांधीजींनी ते उचलले. ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ठराव झाला, लगेच धरपकड सुरू झाली आणि मुंबईचा महापौर पुन्हा गजाआड गेला. सारा मिळून त्यांनी आठ वेळा तुरुंगवास भोगला.

या कैदेत, १९४३ मध्ये, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना उपचारासाठी बाहेरच्या रुग्णालयात हलवायची तयारी दाखवली. त्याच तुरुंगात आणखी दोन राजबंदी आजारी होते. त्यांनाही तीच सोय मिळावी, अशी अट मेहेरअलींनी घातली. सरकार कबूल झाले नाही. मग त्यांनीही जायला नकार दिला.

इथे जरा थांबायला हवे. दोन वेळा अटक होणे आणि छातीत कळ असताना तज्ज्ञ डॉक्टर नाकारणे यात फार अंतर आहे. लाठीच्या वेळी भोवती गर्दी असते, घोषणा असतात. कोठडीत त्यातले काही नसते, असतो तो फक्त दुखणारा जीव. त्यांनी सवलत घेतली असती तर कुणी नाव ठेवले नसते. ते दोघे सोबतीही रागावले नसते. रोजेदाराला हे लवकर समजेल. अजान झाल्यावर ताटात खजूर असतो आणि दस्तरखानावर शेजारी बसलेल्याच्या हातात काहीच नसते, तेव्हा आपला हात आपोआप थांबतो. मेहेरअलींच्या ताटात खजुराऐवजी औषध होते, एवढाच फरक. त्यांच्या धार्मिक आचरणाचा हिशेब इथे मांडायचा नाही, तो मालकाकडे. शेजारच्याला जे मिळत नाही ते एकट्याने घ्यायचे नाही, इतके मात्र त्यांनी जिवावर उदार होऊन पाळले.

त्याच वर्षी त्यांची सुटका झाली, पण तब्येत पुन्हा कधी पूर्वीसारखी झाली नाही. देश स्वतंत्र झाला, त्याचे दोन तुकडेही झाले. १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले. ज्या पक्षासाठी तारुण्य दिले तो सत्तेवर आला होता, आणि मेहेरअली अंथरुण धरत, उठत, पुन्हा कामाला लागत विरोधकांच्या बाकावर जाणाऱ्या मित्रांबरोबर राहिले.

२ जुलै १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाराच्या ठोक्याला शहरातल्या बस, ट्राम आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबई काही मिनिटे थांबली, आणि मग गाड्या पुन्हा सुरू झाल्या.