विल्बर राइट

इ. स. १८७८ मधील गोष्ट. अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स ह्या गावी मिल्टन राइट नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक राहत असत. एके दिवशी ते प्रवासाहून परतले ते हातात काहीतरी लपवूनच. घरात येताच त्यांनी ती वस्तू आपल्या दोघा मुलांच्या दिशेने सोडून दिली. मुलांना वाटले, आता ती खाली पडणार. परंतु ती फडफडत वर गेली, छताला लागून क्षणभर भिरभिरली आणि मग जमिनीवर आली. बूच, बांबूच्या काड्या आणि पातळ कागद ह्यांचे ते खेळणे होते. पिळलेल्या रबराच्या जोरावर त्याचे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. मूळ कल्पना आल्फाँस पेनो ह्या फ्रेंच तरुणाची. मोठा मुलगा विल्बर त्या वेळी अकरा वर्षांचा होता आणि धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा.

असले नाजूक खेळणे मुलांच्या हाती किती दिवस टिकणार? ते लवकरच मोडले. तेव्हा त्या दोघांनी स्वतःच तशी खेळणी बनविण्यास आरंभ केला. लहान आकाराची खेळणी छान उडत. मग त्यांनी आकार वाढविला, आणि आश्चर्य असे की खेळणे जसजसे मोठे होई तसतसे ते उडेनासे होई. लांबीरुंदी दुप्पट केली तर उडण्यास जवळजवळ आठपट शक्ती लागते, हे गणित त्या वयात त्यांना कोठून ठाऊक असणार? हिरमुसले होऊन ते पुन्हा पतंगांकडे वळले. परंतु लहान प्रतिकृती उडाली म्हणजे मोठी उडेलच असे नाही, हा अनुभव त्यांच्या पदरी पडला तो कायमचाच. पुढे मोठमोठ्या विद्वानांनाही तो फार महाग पडावयाचा होता.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी इंडियाना राज्यातील मिलव्हिल ह्या गावाजवळ झाला. घर श्रीमंत नव्हते. पण पुस्तकांना तेथे तोटा नव्हता. आई सुझान हिचे वडील गाड्या बनविणारे कारागीर होते. त्यांचे हस्तकौशल्य तिच्याकडे आले होते. मुलांसाठी बर्फावरून घसरणारी गाडी ती स्वतःच्या हाताने बनवून देई. पुढे हे कुटुंब ओहायो राज्यातील डेटन शहरी स्थायिक झाले. विल्बर अभ्यासात हुशार होता. त्याने येल विद्यापीठात जावे असे घरात घाटत होते. तोच १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर खेळताना एका खेळगड्याची काठी त्याच्या तोंडावर बसली. समोरचे दात गेले. जखमा भरून आल्या. परंतु छातीत धडधड होऊ लागली आणि मनाचा उत्साह मावळला. येलचा बेत राहिला तो राहिलाच. आई त्या वेळी क्षयाने अंथरुणास खिळली होती. तिची शुश्रूषा करावी आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके वाचावीत, अशी त्याची काही वर्षे गेली. १८८९ मध्ये आई वारली. त्यानंतर दोघा भावांनी प्रथम छापखाना चालविला आणि १८९२ मध्ये सायकलींचे दुकान काढले. धंदा बरा चालला. पण तिशीकडे झुकलेल्या विल्बरला आपल्या हातून काही विशेष घडले नाही, ही रुखरुख असे.

ऑगस्ट १८९६ मध्ये जर्मनीतून एक दुःखद वार्ता आली. ऑटो लिलिएन्थाल ह्या धाडसी अभियंत्याने पंख बांधून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा हवेत झेप घेतली होती. वाऱ्याच्या झोताने त्याचे यान कलंडले, तो खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. ह्या वार्तेने विल्बरच्या मनातील जुनी आवड जागी झाली. लिलिएन्थाल आपले शरीर इकडेतिकडे झुकवून तोल सावरीत असे. जोराच्या वाऱ्यापुढे एवढ्याशा हालचालीचे काय चालणार? मग घारीगिधाडे तोल कसा सावरतात? विल्बर तासन् तास पक्ष्यांचे निरीक्षण करू लागला. तोल जाऊ लागला की पक्षी आपल्या पंखांची टोके किंचित पिळतात, असे त्यास दिसून आले. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेस पत्र लिहून उड्डाणविषयक ग्रंथांची यादी मागविली. संस्थेने यादीबरोबर काही पुस्तिकाही पाठविल्या.

पक्ष्याचा पंख पिळतो हे खरे. पण लाकडाचा आणि कापडाचा पंख पिळावा कसा? त्याच वर्षीच्या जुलैत सायकलची ट्यूब विकत असता तिचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके विल्बरच्या हाती राहिले. बोलता बोलता त्याने ते समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दाबून पिळले. खोक्याची वरची व खालची बाजू एकदमच पिळली गेली, तरी खोके मोडले नाही. त्या दोन बाजू म्हणजे एकावर एक असलेले दोन पंखच नव्हेत काय? विल्बरला युक्ती सापडली.

एकावर एक दोन पंख ठेवण्याची पद्धत ऑक्टेव्ह शनूट ह्या पूल बांधणाऱ्या अभियंत्याने १८९६ मध्ये वापरली होती. दोन पंखांमध्ये उभ्या दांड्या आणि त्यांमधून तिरक्या ताणलेल्या तारा, अशी ही पुलासारखी बांधणी असते. त्यामुळे वजन थोडे आणि बळकटी पुष्कळ. कोणी अशा द्विपंखी विमानाची छोटी प्रतिकृती हौसेने जुळविली असेल, तर त्यास ह्या बांधणीचे मर्म चांगले ठाऊक असेल. पातळ प्लॅस्टिकच्या तावावर उठविलेले भाग कापून, घासून पंख तयार करणे अवघड नसते. खरी परीक्षा वरचा पंख खालच्या पंखावर नेमका बसविताना होते. एक दांडी केसभर आखूड झाली की सारे विमान वाकडे दिसते, आणि दोरे ओवून ताणल्यावाचून त्याला ताठपणा येत नाही. विल्बरने ह्या बांधणीतील पुढून मागे जाणाऱ्या तिरक्या तारा काढून टाकल्या. म्हणून त्याचे पंख लांबीच्या बाजूने ताठ राहत, पण हवे तेव्हा पिळता येत.

त्याने पाच फूट लांब आणि तेरा इंच रुंद पंखांचा एक द्विपंखी पतंग बनविला. पतंगास चार दोऱ्या असून त्या दोन्ही हातांतील काठ्यांना बांधल्या होत्या. काठ्या कलत्या केल्या की पंख पिळत. डेटनबाहेरच्या मोकळ्या जागी विल्बरने तो उडविला, तेव्हा ऑर्व्हिलही गावात नव्हता. प्रेक्षक म्हणजे काही शाळकरी मुले. पतंगाने एकदा अशी झडप घातली की मुलांनी जमिनीवर पालथे पडून आपली डोकी वाचविली, असे सांगतात. पतंग विल्बरच्या आज्ञेप्रमाणे डावीउजवीकडे कलत होता. ह्या प्रतिकृतीला त्याने एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मिळाले होते.

आता माणसाला पेलणारे यान हवे होते. जोराचा वारा आणि मऊ वाळू असलेली जागा म्हणून भावांनी अटलांटिक किनाऱ्यावरील किटी हॉक हे खेडे निवडले. तेथे १९०० च्या सप्टेंबरात विल्बरने टेट कुटुंबाच्या शिवणयंत्रावर आपल्या ग्लायडरचे, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाचे, साटीनचे पंख शिवले. हे यानही बहुतेक वेळ पतंगासारखे दोरांनीच उडविले गेले. विल्बर त्यावरून मोकळा उडाला तो साऱ्या मुक्कामात मिळून जेमतेम दोन मिनिटे! काम संपल्यावर टाकून दिलेल्या त्या यानाच्या कापडाचे टेटबाईंनी आपल्या मुलींसाठी झगे शिवले.

पुढल्या वर्षी, १९०१ मध्ये, लिलिएन्थालच्या कोष्टकांवरून हिशेब करून बावीस फुटी ग्लायडर बांधले. त्याने दगा दिला. हिशेबाप्रमाणे जेवढी उचल मिळावयास हवी होती तिच्या सुमारे एक तृतीयांशच मिळाली. पंख पिळून वळावे तर यान कधी कधी भलतीकडेच फिरू लागे. ऑगस्टमध्ये आगगाडीने घरी परतताना विल्बर अत्यंत खिन्न होता. आपल्या हयातीत मनुष्य उडू शकणार नाही, असे त्याने भावास बोलूनही दाखविले. तेथेच त्यांनी हा नाद सोडला असता तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

ह्याच सुमारास शनूटने त्यास शिकागो येथील अभियंत्यांपुढे व्याख्यानासाठी बोलाविले. विल्बर जाण्यास नाखूश होता. परंतु बहीण कॅथरिन हिने पिच्छा पुरवून त्यास पाठविले. जाताना अंगावर घालण्याजोगे चांगले कपडेही धाकट्या भावाकडून घ्यावे लागले. व्याख्यान झाले; आणि आपण ज्या आकड्यांवर विसंबलो तेच चुकीचे असतील काय, ही शंका मनात पक्की बसली. जीव धोक्यात घालून मोठी याने उडवीत बसण्यापेक्षा ही शंका टेबलावर फेडून घ्यावी, असे दोघांनी ठरविले.

त्यांनी सहा फूट लांबीचे आणि सोळा इंच चौरस तोंडाचे एक लाकडी खोके केले. एका टोकास पंखा बसविला. दुकानातील इंजिनावर तो फिरे आणि खोक्यातून ताशी सुमारे सत्तावीस मैल वेगाने वारा वाहे. आत पाहण्यासाठी वर काच लावली. शास्त्रीय भाषेत ह्यास वातविवर म्हणतात. आत तपासावयाचे पंख मात्र इतके चिमुकले की बहुतेक तळहातात मावावेत. पत्रा कापण्याच्या कात्रीने पोलादी पत्रा कापावयाचा, हातोडीने ठोकून त्यास बाक द्यावयाचा, आणि जाडी हवी तेथे डाख किंवा मेण चढवावयाचे. लांब, आखूड, चपटे, बाकदार, एकटे आणि एकावर एक जोडलेले असे सुमारे दोनशे नमुने त्यांनी बनविले. वाऱ्याने पंख किती उचलला जातो हे मोजणारा तराजू त्यांनी करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या चाकातील तारा ह्यांतून घडविला. खोलीत कोणी चालले तरी वाऱ्यात फरक पडे. म्हणून मोजणी करताना दर वेळी ठराविक जागीच उभे राहावयाचे, असा त्यांचा नेम होता.

दोन महिन्यांत उत्तर हाती आले. लिलिएन्थालची कोष्टके फारशी चुकीची नव्हती. दोष होता तो त्यांबरोबर वापरल्या जाणाऱ्या एका आकड्याचा. अठराव्या शतकातील अभियंता स्मीटन ह्याच्या नावाने चालत आलेला हा वाऱ्याच्या दाबाचा आकडा शंभरांहून अधिक वर्षे सर्वांनी निमूटपणे स्वीकारला होता. तो खऱ्या किमतीच्या सुमारे दीडपट होता! लांब व अरुंद पंख हा आखूड व रुंद पंखापेक्षा सरस असतो, हेही त्या पत्र्याच्या तुकड्यांनी दाखवून दिले. ही मोजमापे मनोरंजक वाटत असली तरी डिसेंबरात ती थांबवावी लागली. कारण पुढल्या हंगामासाठी सायकली तयार करावयाच्या होत्या. पोट त्यांवरच चालत होते.

१९०२ चे ग्लायडर ह्या नव्या आकड्यांवरून बांधले. पंख बत्तीस फूट लांब आणि पाच फूट रुंद. भलतीकडे फिरण्याच्या खोडीवर ऑर्व्हिलने फिरत्या सुकाणूचा उपाय सुचविला, आणि पंखांच्या पिळण्याशीच ते जोडावे ही भर विल्बरने घातली. त्या शरद ऋतूत दोघांनी शेकडो उड्डाणे केली. एका उड्डाणात तर त्यांनी सहाशे फुटांहून अधिक अंतर कापले. पुढे इंजिन हवे होते. ते त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर ह्याने सहा आठवड्यांत घडविले. प्रॉपेलर म्हणजे गरगर फिरणारा पंखच, हे ओळखून भावांनी त्याचाही आकार त्याच कोष्टकांवरून ठरविला.

ह्याच वेळी स्मिथ्सोनियनचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली हेही विमान बांधीत होते. त्यांची वाफेवर चालणारी छोटी प्रतिकृती १८९६ मध्ये अर्ध्या मैलाहून अधिक उडाली होती. तिच्या भरवशावर सरकारने त्यांना पन्नास हजार डॉलर दिले. मोठे विमान मात्र ८ डिसेंबर १९०३ रोजी दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत कोसळले. लहान सांगाड्याने जो ताण सोसला तो मोठ्यास पेलवला नाही, असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे. लँग्लींची विद्वत्ता मोठी होती. परंतु लहानपणी खेळणी मोठी करून पाहण्याचा योग त्यांना आला नसावा.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, किटी हॉकजवळच्या वाळूवरून चाळीस फुटी पंखांचे द्विपंखी विमान हवेत उठले. पहिले उड्डाण ऑर्व्हिलचे, बारा सेकंदांचे आणि एकशे वीस फुटांचे. दुपारी चौथ्या खेपेस विल्बर बसला आणि एकोणसाठ सेकंदांत आठशे बावन्न फूट गेला. पाहणारी माणसे पाचच होती. थोड्याच वेळात वाऱ्याच्या झोताने ते विमान उलटेपालटे होऊन मोडले, आणि पुन्हा कधी उडाले नाही. साऱ्या खटाटोपाचा खर्च हजार डॉलरांच्या आतच होता.

जगाचा विश्वास बसण्यास मात्र १९०८ साल उजाडावे लागले. फ्रान्समधील ल मान्स येथे ८ ऑगस्ट रोजी विल्बरने दोन मिनिटांहूनही कमी वेळ विमान उडविले. पण ते असे सहज वळविले की टीकाकार स्तंभित झाले. अपघात झालाच तर काम पुढे नेण्यास एक भाऊ उरावा म्हणून दोघे भाऊ एकत्र उडत नसत. १९१० मध्ये एकदाच, वडिलांच्या अनुमतीने, त्यांनी हा नियम मोडला. पुढील काळ एकाधिकाराच्या खटल्यांत गेला. त्या दगदगीने थकलेल्या विल्बरला विषमज्वराने गाठले आणि ३० मे १९१२ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, डेटन येथील राहत्या घरी त्याचा अंत झाला. स्मिथ्सोनियनला पत्र लिहिल्यास त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे पूर्ण झाली होती.

किटी हॉकचे ते विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. कात्रीने कापलेले आणि हातोडीने बाक दिलेले ते चिमुकले पंखही सारेच नाहीसे झाले नाहीत. त्यांपैकी काही फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवले आहेत.