सोलापूरच्या काळ्या दगडाखाली काय आहे? रॉबर्ट ब्रूस फूट यांची ओळख

खडकांचे प्रकार शिकवताना आपल्याकडे एक अडचण येते. अग्निजन्य खडक म्हटलं की सोलापुरात कुठलाही काळा दगड उचलून दाखवता येतो. रूपांतरित खडक मात्र पुस्तकातल्या तक्त्यातच राहतो. मग मुलांना वाटतं, जमीन म्हणजे खालपर्यंत काळा पाषाणच! हा समज दूर करायचा तर रॉबर्ट ब्रूस फूट यांचं चरित्र जरूर सांगा.

फूट यांचा जन्म १८३४ साली इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम इथे झाला. १८५८ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले आणि त्यांनी दक्षिण भारत पालथा घातला. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम इथे त्यांना अश्मयुगीन दगडी हत्यार सापडलं, म्हणून इतिहासात ते भारतीय प्रागितिहासाचे जनक म्हणून भेटतात. पण त्यांचं रोजचं काम खडकांचे नकाशे करण्याचं, आणि त्यातलं बरंचसं आपल्या शेजारीच झालं बरं का!

बेळगाव, कलादगी, धारवाड या भागाचं भूवर्णन त्यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलं. सोलापूरहून गदगच्या गाडीत बसा, म्हणजे त्यांचा नकाशा डोळ्यांसमोर उलगडेल. विजापूरपर्यंत आपलाच बेसाल्ट, वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. बागलकोट-बदामीकडे त्याखालचे जुने वाळूचे खडक वर येतात. गदगजवळ त्याहून कितीतरी जुने, दुमडलेले, हिरवट रूपांतरित खडक दिसतात.

हे खडक आधी एकाच प्राचीन नीस गटात धरले जात. फूट यांनी १८८० च्या दशकात ते वेगळे काढून त्यांना धारवाड हे नाव दिलं. दक्षिणेतलं सोनं मुख्यतः याच पट्ट्यांत आहे, हेही दाखवलं. त्यांच्या मते हे थर जुन्या नीसवर साचले आणि मग त्यात दुमडले गेले. पुढे म्हैसूरच्या भूवैज्ञानिकांनी उलट मत मांडलं : धारवाडच आधीचे, नीस नंतर घुसलेला. वाद बरीच वर्षं चालला. खडकांची वयं मोजता आल्यावर कळलं, की नीसचा बराच भाग ३०० कोटी वर्षांहून जुना आहे आणि काही ग्रॅनाइट खरोखरच नंतर घुसलेला आहे.

यातून खंड कसा जुळतो ते समजतं. जुने भूतुकडे जवळ आले, मधला लाव्हा आणि गाळ चेपला गेला, पर्वत उभे राहिले. पर्वतांच्या मुळाशी दाब आणि उष्णता इतकी, की खडक न वितळताच बदलले. भट्टीत माती न वितळता वीट होते ना, तसंच. काही भाग वितळला, तो ग्रॅनाइट होऊन वर आला आणि त्याने तुकडे जणू शिवून टाकले. साधारण २५० कोटी वर्षांपूर्वी ही जुळणी पूर्ण होत आली. पुढे पर्वत झिजले. उरली ती मुळं.

आपल्या पायाखालीही असाच पाया आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट आणि गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर हाच प्राचीन पाया लागला.

फूट १९१२ मध्ये वारले. त्यांचा दगडी हत्यारांचा संग्रह मद्रासच्या संग्रहालयाने आधीच घेतला होता.

वर्गात एक करून बघा. दोन-तीन सोलापुरी चादरी एकावर एक पसरा आणि दोन मुलांना दोन्ही बाजूंनी ढकलायला सांगा. घड्या उभ्या राहिल्या, की विचारा : वरचा भाग झिजून गेला, तर खाली काय दिसेल? मुलांना उत्तर शोधू द्या, लगेच सांगू नका.