थॉमस हंट मॉर्गन

थॉमस हंट मॉर्गन (२५ सप्टेंबर १८६६, लेक्सिंग्टन, केंटकी – ४ डिसेंबर १९४५, पासाडेना, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ आणि आधुनिक आनुवंशिकीच्या प्रवर्तकांपैकी एक होते. जनुके गुणसूत्रांवर असतात, हे त्यांनी फळमाशीवरील प्रयोगांनी दाखवून दिले. गुणसूत्रांच्या आनुवंशिकतेतील कार्यासंबंधीच्या शोधांसाठी त्यांना १९३३ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक शास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला गुणसूत्राचा पहिला नकाशा हा पुढील काळातील जीनोम संशोधनाचा प्रारंभ मानला जातो.

जन्म आणि शिक्षण

मॉर्गन यांचे घराणे केंटकीतील प्रतिष्ठित घराण्यांपैकी होते. त्यांचे काका जॉन हंट मॉर्गन हे अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील सैन्याचे सेनानी होते, तर अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे कवी फ्रान्सिस स्कॉट की हे त्यांच्या आईचे आजोबा होत. मॉर्गन यांनी १८८६ मध्ये केंटकीच्या स्टेट कॉलेजमधून पदवी घेतली आणि १८९० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सागरी कोळ्यांच्या भ्रूणविकासावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली.

प्रारंभीचे कार्य

१८९१ पासून ते ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात अध्यापन करीत होते. १८९४-९५ मध्ये त्यांनी इटलीतील नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात काम केले. तेथे हान्स ड्रीश यांच्या सहवासात प्रायोगिक भ्रूणशास्त्राकडे त्यांचा ओढा वाढला. बेडकाच्या अंड्याचा विकास आणि प्राण्यांमधील अवयवांचे पुनर्जनन हे या काळातील त्यांचे प्रमुख विषय होते. १९०४ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात प्रायोगिक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह लिलियन व्हॉन सॅम्पसन यांच्याशी झाला. त्या स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या आणि फळमाशीच्या गुणसूत्रांवर त्यांनीही महत्त्वाचे संशोधन केले.

प्रयोगाने पडताळून पाहता येणार नाही अशा सिद्धान्तांविषयी मॉर्गन साशंक असत. ग्रेगोर मेंडेल यांच्या नियमांची सार्वत्रिकता, गुणसूत्रे हीच आनुवंशिकतेची वाहक आहेत हे मत आणि डार्विनची नैसर्गिक निवड या तिन्हींवर त्यांचे आक्षेप होते. गुणसूत्रे आणि लिंगनिश्चिती यांचा संबंध १९०५ मध्ये दाखविणाऱ्या नेटी स्टीव्हन्स या त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. तरीही मॉर्गन यांचे समाधान झाले नव्हते.

फळमाशीवरील संशोधन

१९०८ च्या सुमारास मॉर्गन यांनी ड्रोसोफिला या फळमाशीवर प्रयोग सुरू केले. ही माशी दुधाच्या रिकाम्या बाटलीत थोड्या पिकलेल्या केळ्यावर वाढते, सुमारे दोन आठवड्यांत तिची नवी पिढी तयार होते आणि तिला गुणसूत्रांच्या केवळ चार जोड्या असतात. कोलंबियातील १६ फूट × २३ फूट आकाराची त्यांची प्रयोगशाळा पुढे ‘माशांची खोली’ म्हणून प्रसिद्ध झाली.

१९१० मध्ये नेहमीच्या लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्याचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला असता पुढची पिढी जवळजवळ संपूर्ण लाल डोळ्यांची निघाली. त्या पिढीच्या आपसांतील संकरातून मात्र लाल डोळ्यांच्या २,४५९ माद्या, लाल डोळ्यांचे १,०११ नर आणि पांढऱ्या डोळ्यांचे ७८२ नर मिळाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नव्हती. नराला एकच क्ष गुणसूत्र असते व ते आईकडून येते. पांढऱ्या डोळ्यांचे जनुक क्ष गुणसूत्रावर आहे असे मानले, तरच या विभागणीचा उलगडा होत होता. मॉर्गन ज्या सिद्धान्ताबद्दल शंका घेत आले होते, त्याला त्यांच्याच प्रयोगाने बळकटी दिली. त्यांनी आपले मत बदलले आणि पुढील आयुष्य त्याच सिद्धान्ताच्या उभारणीसाठी वेचले.

जनुकांचा नकाशा

एकाच गुणसूत्रावरील जनुके सामान्यतः एकत्र वारशाने जातात. परंतु जोडीतील दोन गुणसूत्रांच्या भागांची अदलाबदल झाल्यास ती वेगळी होतात. जनुके जितकी दूर, तितकी ती वेगळी होण्याची शक्यता अधिक, असे मॉर्गन यांनी सुचविले. १९११ मध्ये पदवीचे शिक्षण घेत असलेले त्यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी या प्रमाणावरून जनुकांमधील अंतरे काढून एका रात्रीत क्ष गुणसूत्राचा नकाशा तयार केला. सहा गुणधर्मांवरील हे संशोधन १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुके गुणसूत्रावर एका रेषेत असतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी अपवादांचा अभ्यास केला. पांढऱ्या डोळ्यांच्या मादीला लाल डोळ्यांच्या नरापासून क्वचित पांढऱ्या डोळ्यांची कन्या होत असे. अशा कन्येत आईची दोन्ही क्ष गुणसूत्रे आलेली असतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. त्यामुळे गुणसूत्र सिद्धान्ताला थेट पुरावा मिळाला. १९१५ मध्ये मॉर्गन, स्टर्टेव्हंट, ब्रिजेस आणि हर्मन म्युलर यांनी मेंडेलीय आनुवंशिकतेच्या यंत्रणेवरील ग्रंथ लिहिला.

या प्रयोगशाळेत प्राध्यापक आणि विद्यार्थी एकमेकांच्या कल्पनांवर मोकळेपणाने टीका करीत. मात्र त्यामुळे कोणती कल्पना कोणाची, हा प्रश्नही निर्माण झाला. आपल्या कल्पनांचे पुरेसे श्रेय मिळाले नाही, अशी म्युलर यांची भावना होती. क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने होतात या शोधासाठी म्युलर यांना १९४६ मध्ये स्वतंत्रपणे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅलिफोर्नियातील कार्य आणि सन्मान

१९२८ मध्ये मॉर्गन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जीवशास्त्र विभागाची स्थापना केली. भौतिकी व रसायनशास्त्राच्या सहकार्याने जीवशास्त्राचे संशोधन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १९२७ ते १९३१ या काळात ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. रॉयल सोसायटीने त्यांना १९२४ मध्ये डार्विन पदक आणि १९३९ मध्ये कॉप्ली पदक दिले. नोबेल पारितोषिकाची रक्कम त्यांनी स्वतःची मुले तसेच स्टर्टेव्हंट व ब्रिजेस यांची मुले यांच्यात वाटली.

प्रभाव

गुणसूत्रावरील जनुकीय अंतर मोजण्याच्या ‘सेंटिमॉर्गन’ या एककाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. सोव्हिएत संघात ट्रोफिम लिसेन्को यांच्या प्रभावकाळात ‘मॉर्गनवादी’ हा शब्द निंदाव्यंजक ठरला आणि १९४८ नंतर अनेक आनुवंशिकी संशोधकांना आपली पदे गमवावी लागली. फळमाशीच्या जीनोमचा क्रम २००० मध्ये प्रसिद्ध झाला. आनुवंशिकी आणि भ्रूणविकासाच्या संशोधनात ही माशी आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.